घरात कोणी नसताना

काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते हॉलच्या जमिनीवर पालथे पडले होते आणि भिंतीच्या तळाशी बसवलेल्या हीटिंगच्या पाइपला कान लावून ऐकत होते. मी दारात दोन बॅगा घेऊन उभी. काकू म्हणाल्या, "ये गं, ये. त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. ऐकतायत ते."

"काय ऐकतायत?"

काका पडल्या पडल्याच म्हणाले, "पाण्यात हवा अडकली की पाइप बोलतो. तू नागपूरची ना? मग तुला थंडी वाजणार. वाजू दे. पहिला हिवाळा सगळ्यांना वाजतो." मग टुणकन उठले, पँटचे गुडघे झटकले, माझ्या दोन्ही बॅगा उचलल्या आणि मी नाव सांगायच्या आत जिना चढून वर गेलेसुद्धा.

हे अमेरिकेतल्या श्रूजबरीचं घर. दोन हजार दोनचा ऑक्टोबर. मी जवळच्याच एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला होते. व्हिसा कंपनीच्या हातात, गाडी नुकती शिकलेली, आणि ओळखीतून या मराठी जोडप्याकडे गॅरेजवरची खोली भाड्यानं मिळालेली. काका मूळचे कऱ्हाडचे. कागदाच्या गिरण्यांमध्ये ओला कागद सुकवताना रोलर किती तापवायचे आणि कधी थांबायचं, हे ठरवणारी यंत्रं त्यांची कंपनी बनवायची. या देशात आल्यापासून त्यांनी तेच केलं होतं. काकू वूस्टरच्या एका हॉस्पिटलात बिलिंगच्या ऑफिसात होत्या. मुलगी कॅलिफोर्नियात शिकायला. माणसं तेवढीच, पण काका एकटेच चार जणांइतके घरभर असायचे.

ते बसत नसत. टीव्हीवरच्या बातम्या सोफ्यामागे उभं राहून बघायचे. चहा चालता चालता प्यायचे, त्यामुळे घरात कुठेही अर्धा कप सापडायचा. खिडकीत, जिन्यात, एकदा तर वॉशिंग मशीनवर. लोकांच्या शर्टाच्या खिशाला पेन असतं तिथे यांच्या छोटा स्क्रूड्रायव्हर. येता-जाता खिडक्यांच्या कडांवरून उलटा हात फिरवायचे आणि "इथून येतेय" असं स्वतःशीच पुटपुटायचे. कुणाकडे सत्यनारायणाला गेले तरी तेच. प्रसाद हातात घेऊन माणूस गायब. यजमान शोधायला लागले की तळघराच्या जिन्यातून वर यायचे आणि चारचौघांत विचारायचे, "तुमच्या बॉयलरचा फिल्टर शेवटचा कधी बदलला होता हो?" काकू दुसरीकडे बघायच्या.

"अहो, लोकांच्या घरी तरी जरा स्वस्थ बसा."

"बसलो की मला सुचत नाही," काका म्हणायचे.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "यंत्र खोटं बोलत नाही. आपण त्याला खोटं सांगतो." टोस्टर जळला, गाडीत इंजिनचा दिवा लागला, माझ्या ऑफिसातला सर्व्हर बसला, सगळ्याला हेच एक निदान. मी चिडून एकदा म्हटलं, "काका, सर्व्हरला मी काय खोटं सांगणार?" तर म्हणाले, "ते तू शोध. टेस्टर तू आहेस."

नोव्हेंबरात त्यांनी तो थर्मोस्टॅट आणला. घर तापवणारा बॉयलर तळघरात असतो, आणि त्याला चालू हो, बंद हो हे सांगणारी डबी वर हॉलच्या भिंतीवर. तोवर त्यांच्याकडे जुनी, गोल, पितळी रंगाची डबी होती. हातानं फिरवायची, हवं तेवढं तापमान ठेवायचं, झालं. ही नवी चौकोनी, पांढरी, छोट्या पडद्याची. हिला आख्ख्या आठवड्याचं वेळापत्रक शिकवता येत होतं. काकांनी मॅन्युअल पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला घेतलं. काकू पोळ्या लाटत होत्या, मी कांदा चिरत होते. स्पॅनिश भाग सुरू झाला तेव्हाच ते थांबले.

शनिवारी सकाळी मला हाक आली. "ये, तुला दोन तारा धरायच्यात."

आधी ते तळघरात जाऊन बॉयलरची वीज बंद करून आले. मग जुनी डबी उघडून त्यांनी मला आतली काचेची कुपी दाखवली. कुपीत पाऱ्याचा थेंब. "हा इकडे झुकला की बॉयलर चालू. तिकडे झुकला की बंद. हे घर घेतल्यापासून बिचाऱ्यानं एवढंच केलंय." कुपी फुटू नये म्हणून त्यांनी ती डबी मऊ फडक्यात गुंडाळली, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. पारा कचऱ्यात टाकायचा नसतो, गावाच्या कचरा केंद्रावर नेऊन द्यायचा असतो, हे मला तेव्हा कळलं.

भिंतीच्या भोकातून दोन तारा बाहेर आल्या होत्या, एक लाल, एक पांढरी. "सोडू नकोस हं. आत सटकल्या तर भिंत फोडावी लागेल." मी दोन बोटांत दोन तारा धरून उभी, आणि काका मला मॅन्युअलचं तेच पान पुन्हा वाचून दाखवतायत. दरम्यान त्यांना आठवलं की भिंतीत स्क्रू बसवायला प्लास्टिकचे गट्टू लागतील. ते शोधायला गॅरेजमध्ये गेले. तिथे त्यांना दुसरंच काहीतरी दुरुस्त करायचं दिसलं असणार. घर हळूहळू गार होत होतं. काकू दोन स्वेटर आणि वर शाल घेऊन आल्या, माझ्याकडे बघितलं आणि त्यांनी गॅरेजच्या दारातून हाक मारली, "अहो, पोरीचा हात गळून पडेल तिथं!"

"आलो, आलो!"

डबी भिंतीवर बसली आणि खरी गंमत त्यानंतर सुरू झाली. त्या यंत्राच्या मते माणसाच्या दिवसाचे चार भाग होते. वेक, लीव्ह, रिटर्न, स्लीप. उठणं, घराबाहेर पडणं, परत येणं, झोपणं. प्रत्येकाची वेळ आणि प्रत्येकाचं तापमान सांगायचं. काकांनी आम्हा दोघींना जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि स्वतः येरझाऱ्या घालत उलटतपासणी घेतली.

"तू किती वाजता उठतेस?"

"सात."

"खरं सांग."

"साडेसात. कधी कधी आठ."

"कधी कधी असं बटण नाहीये त्याला."

काकू म्हणाल्या, "आणि मधेच कुणी घरी आलं तर? बरं नसलं तर? आपण माणसं आहोत की कारखाना?"

"कारखान्यापेक्षा बरे आहोत. कारखान्याला रविवार नसतो. यात शनिवार-रविवार वेगळा लावता येतो, बघ." मग थोडे थांबून, समजावणीच्या सुरात म्हणाले, "अगं, दिवसभर घरात कुणी नसतं. कुणी नसताना तापवायचं कुणासाठी? भिंतींसाठी?"

उठल्यावर अडुसष्ट फॅरनहाइट (आपल्याकडचे वीस), बाहेर पडल्यावर साठ, परत आल्यावर पुन्हा अडुसष्ट. काकूंना हवं होतं बहात्तर. दुसऱ्या दिवशी त्यांनी बटण दाबून ते करूनही टाकलं. तिसऱ्या दिवशी काकांनी यंत्राला कुलूप घातलं. आकड्यांचा एक कोड दाबल्याशिवाय बटणं चालत नाहीत, अशीही एक सोय मॅन्युअलात त्यांना सापडली होती.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी पाणी घ्यायला खाली आले तर त्या हॉलमध्ये उभ्या. हातात फ्रीझरमधलं मटारचं पाकीट, आणि ते त्यांनी थर्मोस्टॅटच्या पोटाशी दाबून धरलेलं.

"काकू, हे काय करताय?"

"शू! याला थंडी वाजवतेय." त्या तळघराच्या दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, "मला वाजते ते याला कळत नाही. आता याला वाजू दे."

थोड्या वेळात खालून बॉयलर घरघरला. काकूंनी समाधानानं पाकीट फ्रीझरमध्ये ठेवलं आणि शाल काढली.

काका आठवडाभर वेडेपिसे. घर अडुसष्टवर थांबायला हवं, ते सत्तरच्या वर का जातं? त्यांनी डबी पुन्हा उघडली. भिंतीतल्या भोकातून आतली गार हवा डबीवर येत होती, तेव्हा ते भोक पुट्टीनं बुजवलं आणि "सापडलं!" म्हणून मला वरून बोलावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सत्तर. एक अख्खा रविवार त्यांनी हॉलमध्ये उभं राहून काढला, खिडकीतलं ऊन फिरत फिरत कुठून कुठे जातं ते बघत. काकू स्वयंपाकघरातून मला डोळा मारायच्या. रात्रीच्या भाजीत मटार असले की मला हसू आवरायचं नाही.

जानेवारीत काकूंनी हळदीकुंकू केलं. आमच्या भागातल्या, वेस्टबरोच्या, वूस्टरच्या बायका येणार होत्या. काकांनी सकाळपासूनच हीट कमी करून ठेवली. काकू रडकुंडीला आल्या. "रेशमी साड्यांत काकडतील त्या!"

"एक माणूस म्हणजे शंभर वॅटचा हीटर. तू वीस हीटर बोलावलेयस. बघच तू."

आणि झालंही तसंच. पहिल्या पाच जणी कोटातच बसल्या. बाकीच्या आल्या, बडबड सुरू झाली, उखाणे झाले, आणि कुणीतरी उठून खिडकी उघडली. काका जिन्यातून हे बघत होते. इतके खूश की त्यांना खाली येऊन सगळ्यांना ते समजावून सांगितल्याशिवाय राहवेना. तेव्हा एका बाईंनी सहज विचारलं, "काका, तुमच्याकडे कसं आहे? आमच्याकडे ह्यांच्या ग्रुपमधले अर्धे गेले. रोज कोणीतरी ले-ऑफ होतंय."

"बरं आहे," काका म्हणाले. "चाललंय." आणि तळघरात निघून गेले. बायका पांगल्या, वाणाच्या वाट्या संपल्या, काकूंनी दोनदा चहाला हाक मारली, तरी वर आले नाहीत. मला वाटलं, बॉयलरचं काहीतरी काढलं असेल.

तो हिवाळाच तसा होता. माझ्या ऑफिसात दर शुक्रवारी कुणीतरी पुठ्ठ्याचं खोकं घेऊन लिफ्टकडे जायचं. खोक्यात मुलांचे फोटो, एक कुंडी, एक मग. आम्ही मॉनिटरमध्ये डोकी घालायचो. माझी नोकरी गेली असती तर व्हिसाही गेला असता, म्हणजे बॅगा भरून नागपूर. आईला फोनवर मी "मजेत आहे" सांगायची आणि फोन ठेवला की खोलीत चकरा मारायची. मला वाटायचं, या घरात येऊन मलाही काकांची चालायची सवय लागली.

फेब्रुवारीत एक दिवस ऑफिसातच मला ताप भरला. डोकं जड, अंगात कणकण. मॅनेजर म्हणाला, घरी जा. आकाश पांढरंफेक होतं, दुपारनंतर बर्फ सांगितला होता. कशीबशी गाडी चालवत आले. ड्राइव्हवे रिकामा. दार उघडलं तर आत तीच ठरलेली थंडी, घरात कुणी नसतानाची.

आणि स्वयंपाकघरात काका.

जाड कोट गळ्यापर्यंत चेन लावलेला. लोकरीची टोपी. एका हातात हातमोजा, दुसरा हात उघडा. काकूंनी सकाळी भरून दिलेला डबा ओट्यावर उघडा होता आणि ते उभ्या उभ्या गार पोळीभाजी खात होते. तोंडातून वाफ येत होती असं मला आजही वाटतं. इतकं काही गार नसणार, पण माझ्या डोळ्यांसमोर ते तसेच आहेत.

"काका? तुम्ही ऑफिसला नाही गेलात?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "सुट्टी," म्हणाले. मग घास गिळला. "नाही. सुट्टी नाही. ऑफिस नाहीये आता."

नाताळच्या आधीच त्यांचं अख्खं सेक्शन बंद झालं होतं. त्यांनी घरी सांगितलं नाही. रोज त्याच वेळी निघायचे, त्याच वेळी परतायचे.

"आधी लायब्ररीत जायचो," ते म्हणाले. आता ओट्यापासून फ्रिजपर्यंत आणि परत अशी त्यांची चाल सुरू झाली होती. "तिथे आपले तिघं भेटले. तेही घरच्यांच्या लेखी ऑफिसलाच गेले होते. एकमेकांना ओळख न दाखवता पेपर वाचणं काही खरं नाही. मग तलावाशी गाडी लावून बसायचो. पण मला बसता येत नाही, तुला माहितीये. मग ही गेली की परत यायला लागलो. गाडी गॅरेजमध्ये घालतो."

"पण हीट तरी लावायची ना, काका! कोड तुमच्याकडेच आहे."

ते थांबले. हॉलमधल्या त्या डबीकडे बघून म्हणाले, "जातो ना मी तिथपर्यंत. बटणावर बोट ठेवतो. पण वर लिहिलेलं असतं, लीव्ह. म्हणजे सगळे बाहेर गेलेत. ते बदललं म्हणजे..." त्यांनी हात झटकला. "म्हणजे मी घरी आहे असं झालं. उद्या पण, परवा पण. नाही जमलं मला ते."

मी खुर्चीवर बसले आणि दात वाजायला लागले. "काका, मला ताप आहे," एवढंच म्हणाले.

त्यांनी उलटा हात माझ्या कपाळावर ठेवला आणि एकदम बदलले. "अगं, मग बोलायचं नाही का आधी!" जवळजवळ पळतच ते हॉलमध्ये गेले. कोडचे आकडे दाबल्याचे टिकटिक आवाज आले, आणि मग बटणाचे, कितीतरी. स्वतःसाठी जे दोन महिने दाबता आलं नाही, ते माझ्यासाठी त्यांनी एका क्षणात दाबलं. बॉयलर लागला. पाइप तडतडले. त्यांनी मला सोफ्यावर झोपवलं, दोन ब्लँकेटं आणली, आल्याचा चहा केला, गोळी दिली, मोजे आणले, पुन्हा एक ब्लँकेट आणलं. घर ऊबदार झालं. मग सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला ते टेकले, आणि टोपी डोक्यावर तशीच ठेवून, मान कलती करून झोपी गेले. गाढ. तोंड उघडं. बाहेर बर्फ सुरू झाला होता.

बर्फामुळे हॉस्पिटलनं काकूंनाही लवकर सोडलं. त्या आल्या आणि दारातच थबकल्या. घर गरम. त्यांनी थर्मोस्टॅट बघितला, मला बघितलं.

"तू लावलंस?"

"काकांनी."

"ते कुठायत?"

सोफ्याच्या पाठीमुळे ते त्यांना दिसत नव्हते. मी मानेनं खूण केली. काकू पुढे आल्या. कोट, टोपी, एका हातातला मोजा. ओट्यावर उघडा डबा. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. काका जागे झाले, उठून उभे राहिले, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मी ब्लँकेट डोक्यावर ओढून घेतलं, पण ऐकू तर सगळं येत होतं.

मला वाटलं, त्या नोकरीवरून बोलतील. नोकरीबद्दल त्या एवढंच म्हणाल्या, "गेली तर गेली. सगळ्यांच्या जातायत." आणि मग त्यांचा आवाज चढला. "पण थंडीत बसलात? आपल्याच घरात? चोरासारखे?"

"सांगणार होतो."

"कधी?"

"दुसरी मिळाली की."

"मी रोज पहाटे उठून डबा करत होते. तो कुणासाठी?"

"मीच खात होतो ना गं. घरी येऊन."

काकू रडायला लागल्या. रडता रडताच म्हणाल्या, "आणि मी इथे त्या मेल्या डबीला मटार लावत होते! दोन डिग्रीसाठी! आणि तुम्ही..."

"कसले मटार?" काका म्हणाले.

"मटार! फ्रीझरमधले! लावले की चालू व्हायचं ते!"

मग काकांचा आवाज आला, अगदी वेगळा. "खालून धरायचीस की समोरून?"

"खालून."

"बरोबर. सेन्सर खालीच आहे." आणि मग, "मी भिंतीतलं भोक बुजवलं गं त्याच्यासाठी!"

काकूंनी हातातला ओला रुमाल त्यांच्या अंगावर फेकून मारला. ब्लँकेटखाली मी तापानं आणि हसण्यानं एकदमच थरथरत होते. मी बाहेर बघितलं तेव्हा दोघंही जेवणाच्या टेबलाशी बसलेले होते आणि काकूंनी त्यांचा मोजा नसलेला हात दोन्ही हातांत धरला होता.

पुढे सगळं काही एकदम सुरळीत झालं नाही. काकांना त्यांच्या जुन्या कामासारखं काम परत मिळालंच नाही. दोन वर्षांनी एका गावच्या शाळांच्या इमारती बघायचं काम मिळालं. बॉयलर, हीटिंग, खिडक्या. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात लोक काकूंना हळू आवाजात विचारायचे, "एवढं शिकून आता बॉयलर बघतात का हो?" काकू ठणकावून सांगायच्या, "आधीही बघायचेच, फुकट बघायचे." काका त्या शाळांमध्ये खूश होते. एवढ्या मोठ्या इमारतीत चालायला भरपूर जागा होती. माझी नोकरी वाचली. पुढे लग्न झालं, आम्ही दुसऱ्या राज्यात, वेस्ट विंडसरला आलो, आणि भेटी फोनवर आल्या.

पण काका म्हटलं की मला आठवतो तो त्याच वर्षीचा मार्चमधला एक रविवार. तोवर काकूंखेरीज आणि माझ्याखेरीज त्यांची नोकरी गेल्याचं कुणालाच माहीत नव्हतं. विचारलं की ते अजूनही "चाललंय" म्हणायचे.

माझ्या टीममधल्या एका मुलानं नवं टाउनहाउस घेतलं होतं. तो नागपूरचाच, बायकोही आयटीत. त्याला तसाच थर्मोस्टॅट बसवायचा होता. मी काकांना विचारलं. हातात काम नसताना त्यांचं काय होतं ते मी बघत होतेच. ते स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्या आधी गाडीत जाऊन बसले.

डबी भराभर बसली. तारा धरायला या वेळी तो मुलगा होता. मग काकांनी नेहमीची उलटतपासणी सुरू केली.

"निघता किती वाजता?"

"आठ. दोघंही सोबतच निघतो, काका."

"परत?"

"साडेसहा होतात. ट्रॅफिक असलं तर सात."

"मधे घरी कुणी?"

"कोणीच नाही. नो वन. एकदम कमी करून टाका. पंचावन्न चालेल."

काकांनी बटणावर बोट ठेवलं आणि ते तसंच राहिलं. मीही त्यांच्या नजरेमागून बघितलं. जेवणाच्या टेबलाशी त्या मुलाच्या आई बसल्या होत्या. सहा महिन्यांसाठी आलेल्या. नऊवारी नाही, साधी सुती साडी, वर मुलाचं जुनं जॅकेट, पायांत दोन-दोन मोजे. गवारीच्या शेंगा मोडत होत्या. आम्ही आल्यापासून त्या तिथेच होत्या. आल्या आल्या त्यांनी आम्हाला पाणीही दिलं होतं.

"आणि या?" काकांनी विचारलं.

मुलगा गोंधळला. "हो, म्हणजे आई आहे. पण ती काय, शाल घेऊन असते. शी इज फाइन."

आईच घाईघाईनं म्हणाल्या, "मले नाही वाजत हो. वाजली तं ब्लँकेट घेऊन पडते. एका माणसासाठी एवढं घर काहून तापवायचं?"

काका टेबलाशी गेले आणि, कधी नव्हे ते, खुर्ची ओढून बाईंसमोर बसले.

"दिवसभर काय करता?"

"काय करणार? टीव्ही समजत नाही. बाहेर बर्फ. यायची वाट पाहते."

"या जरा इकडे." त्यांनी बाईंना उठवून भिंतीपाशी नेलं. "हे वरचं बटण. थंडी वाजली की इथे बोट ठेवायचं. कुणाला विचारायचं नाही."

त्या बोट पुढे करेनात. "बिघडलं तं?"

"बिघडलं तर मला फोन करा. हिच्याकडे नंबर आहे." काकांनी माझ्याकडे हात केला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, पण अगदी साधेपणानं म्हणाले, "माझी नोकरी गेलीय. मीही दिवसभर घरीच असतो."

मुलगा आणि त्याची बायको एकमेकांकडे बघायला लागले. आता ही गोष्ट सोमवारी माझ्या ऑफिसात आणि पुढच्या शनिवारी मंडळात पोचणार होती, आणि काकांना ते माहीत होतं.

बाईंनी त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं. "तुम्हीबी एकटेच?"

"हो. बायको कामाला जाते."

बाईंनी जॅकेटची बाही वर सारली आणि बटण दाबलं. आकडा एकानं वर चढला. त्यांनी मुलाकडे बघितलं. मग त्यांनी पुन्हा दाबलं.